एक छप्पर, दोन वाटा : अमेरिकी हायस्कूलने मुलांचे भवितव्य कसे वाटून दिले

१/ विसाव्या शतकाच्या मध्यावरचे अमेरिकी हायस्कूल म्हणजे एकाच छपराखालच्या दोन शाळा. एका बाजूला भूमिती, लॅटिन, रसायनशास्त्र. दुसऱ्या बाजूला सुतारकाम, मोटारदुरुस्ती, टायपिंग, शॉर्टहँड, गृहविज्ञान. कोणी कुठे बसायचे, हे बहुधा चौदाव्या-पंधराव्या वर्षी ठरे. या वाटणीच्या इतिहासाविषयी, आणि तिच्यातील अन्यायाविषयी, हा थ्रेड.

२/ आरंभ वेगळा होता. १८९३ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या समितीने सांगितले की, जो विषय शिकवायचा तो सर्वांना सारखाच शिकवावा. विद्यार्थी पुढे कॉलेजात जाणार की नाही, हे पाहू नये. पण तेव्हा हायस्कूल मोजक्यांचे होते. १९१० मध्ये दहातील एखादाच तरुण ते पूर्ण करी. १९४० पर्यंत जवळजवळ निम्मे तरुण पूर्ण करू लागले.

३/ कामगारांची, स्थलांतरितांची, शेतकऱ्यांची मुले शाळेत आली आणि प्रश्न उभा राहिला : यांना शिकवायचे काय? १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने शेती, कारखानी कसब आणि गृहविज्ञान यांच्या शिक्षणाला केंद्र सरकारचा पैसा मिळाला. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी वापरलेल्या बुद्धिमापन चाचण्या पुढे शाळांत शिरल्या. आता वाटणीला पैसाही होता आणि विज्ञानाचा शिक्काही.

४/ धोका वेळीच ओळखणारा एक तत्त्वज्ञ होता : जॉन ड्युई. हाताचे काम शिक्षणात असावे, हा तर त्यांचाच आग्रह. परंतु उद्योगांना तयार मजूर पुरवण्यासाठी वेगळे धंदेशिक्षण उभारण्यास त्यांनी १९१५ मध्ये जाहीर विरोध केला. त्याच सुमारास, १९१३ ते १९१६ या काळात, कोलंबिया विद्यापीठात डॉ. आंबेडकर त्यांचे विद्यार्थी होते.

५/ पुढे १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये डॉ. आंबेडकरांनी दाखवून दिले की जातिव्यवस्था कामे वाटून थांबत नाही, ती काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते. अमेरिकी हायस्कूल म्हणजे जातिव्यवस्था नव्हे. तिथे जन्माने वर्ग ठरवणारा नियम नव्हता. तरीही ही कसोटी तिथे लावून पाहण्याजोगी आहे : शाळा कामे शिकवत होती, की माणसे वेगळी काढत होती?

६/ १९४५ मध्ये धंदेशिक्षणाचे अध्वर्यू चार्ल्स प्रॉसर यांनी हिशेब मांडला : वीस टक्के मुले कॉलेजसाठी, वीस टक्के कुशल धंद्यांसाठी, उरलेली साठ टक्के दोन्हींसाठी नाहीत, त्यांना फक्त ‘जीवनाशी जुळवून घेण्याचे’ शिक्षण द्यावे. देशातील बहुसंख्य मुलांविषयी इतका निश्चिंत निवाडा क्वचितच कोणी दिला असेल.

७/ या हिशेबाला उत्तर प्रत्यक्ष घटनांनी दिले. १९४४ च्या ‘जी. आय. बिल’ने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाटेत पुष्कळ अडथळे आणले गेले, हे खरेच. तरीही सुमारे ७८ लाख जणांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. त्यांपैकी सुमारे २२ लाख कॉलेजात गेले. बाकीचे इतर शाळांत, कारखान्यांत, शेतावर शिकले. कसब शिकणारे येथे अधिक होते. मात्र प्रौढ वयात, स्वतःच्या निवडीने.

८/ १९५७ मध्ये स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेची नजर पुन्हा शाळांवर वळली. १९५९ मध्ये जेम्स कॉनंट यांच्या अहवालाने एकत्रित हायस्कूल टिकवण्याची शिफारस केली, पण एक मोलाची अट घातली : मुलांवर ‘कॉलेजचे’ वा ‘धंद्याचे’ असे शिक्के नसावेत, गट करायचे तर प्रत्येक विषयापुरते करावेत. गणितात मागे असलेला मुलगा इतिहासात पुढे असू शकतो, ही साधी जाण तिच्यात होती.

९/ शिक्का काय करतो, ते राजधानी वॉशिंग्टनमध्ये दिसले. १९५४ मध्ये वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरल्या. १९५६ पासून तेथील हायस्कूलांत ‘ट्रॅक’ आले. १९६७ मध्ये ‘हॉब्सन विरुद्ध हॅन्सन’ खटल्यात न्यायाधीश स्केली राइट यांनी ही पद्धत रद्द केली. गरीब व कृष्णवर्णीय मुले खालच्या ट्रॅकमध्ये साचली होती आणि तिथून वर येणे दुर्मीळ होते. वेगळ्या इमारती गेल्या. भिंत मात्र इमारतीच्या आत आली होती.

१०/ मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमध्ये हजारो मेक्सिकन-अमेरिकन विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. आम्हाला कॉलेजऐवजी हातकामाकडे ढकलले जाते, ही त्यांची एक प्रमुख तक्रार होती. मुलींचीही वाटणी ठरलेली असे : त्यांना शिवण-स्वयंपाक नाहीतर टायपिंग, मुलांना लाकूडकाम. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांतील या भेदाला कायद्याने आव्हान मिळाले ते १९७२ च्या ‘टायटल नाइन’मुळे.

११/ या इतिहासातून ‘धंदेशिक्षण वाईट’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे सुताराचा दुसऱ्यांदा अपमान. त्या कार्यशाळांतून बाहेर पडलेल्या अनेकांनी त्याच कसबावर संसार उभे केले. माझा आक्षेप दाराला आहे : ते एकाच दिशेने उघडे. भूमितीच्या वर्गातून कार्यशाळेत जाता येई. उलट येणे जवळजवळ अशक्य.

१२/ म्हणून मित्रहो, कोणत्याही देशाची शिक्षणव्यवस्था तपासताना तिथे किती विषय शिकवतात, एवढेच मोजू नका. तीन प्रश्न विचारा : निवड कोणी केली? कोणत्या वयात केली? आणि चुकली, तर परतीची वाट होती का? मध्यशतकातील अमेरिकी हायस्कूल तिसऱ्या प्रश्नाशी अडखळले, आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना त्या निवडीत विचारलेही गेले नव्हते.