आधी धूळ, मग पिकअप

क्रूझर घेऊन गॅरेजवर येणाऱ्या पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "भाऊ, मोठा फिल्टर टाकला तर पिकअप किती वाढेल?" गाडी मेटिऑर असो, थंडरबर्ड असो की ॲव्हेंजर. आपण बहुतेक जण या प्रश्नाला किंमत सांगून मोकळे होतो. अमळनेर-धुळे पट्ट्यात काम करणाऱ्याने मात्र उलटा प्रश्न विचारला पाहिजे: हा फिल्टर अडवतो किती?

हिशेब सोपा आहे. मेटिऑरचे ३४९ सीसीचे इंजिन ४,००० आरपीएमला, म्हणजे जिथे तिचा पूर्ण २७ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो तिथे, मिनिटाला सातशे लिटरच्या आसपास हवा ओढू शकते. तासाभराचे झाले चाळीस हजार लिटरच्या वर. ही हवा महाबळेश्वरची नाही. बोरी-तापीकाठच्या वाळूच्या डंपरमागची आहे, कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दारातली आहे, उन्हाळ्यात भुसभुशीत झालेल्या काळ्या मातीची आहे. वाळूचा कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमपेक्षा कितीतरी कठीण. तो रिंगांत शिरला की गाडी ऑईल खायला लागते, निळा धूर सोडते, आणि गिऱ्हाईक बोल लावते ते ऑईलला.

उघड्या कोन फिल्टरवर आमचा राग आहे, तो लपवत नाही. फिल्टर बदलला की आवाज बदलतो, आणि तो खोल आवाजच पोरांना ताकद वाटतो. प्रत्यक्षात तो फिल्टर सिलिंडरच्या शेजारी बसतो आणि तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की सुमारे तीन टक्के विरळ होते. आखाजीच्या दिवसांत बाहेरच पारा ४५ ला टेकलेला. इंजिनालगतची हवा आणखी वीस अंश तापली तर सहा टक्के हवा गेली. फिल्टरने मोकळी करून दिलेली वाट तिथेच संपली.

कंपनीचा एअर बॉक्स हा नुसता प्लास्टिकचा डबा नव्हे. त्याचे आकारमान आणि नळीची लांबी खालच्या आरपीएमला हवा नीट भरावी अशी बेतलेली असते. क्रूझर चालते ती तिथेच. बॉक्स काढला की थंडरबर्ड ३५०च्या सीव्ही कार्बोरेटरची स्लाइड नीट उचलत नाही, मिश्रण लीन होते, मग मेन जेट बदला, सुई बदला, आणि तरीही मधल्या थ्रॉटलला गाडी अडखळते. बीएस-६ गाड्यांत ईसीयू ऑक्सिजन सेन्सरवरून सरळ चालीत थोडे सावरून घेते. पूर्ण थ्रॉटलला ती आपल्या ठरलेल्या मॅपवर जाते. मॅप न बदलता कोन टाकणे म्हणजे प्लग पांढरा, सायलेन्सरमध्ये फटके आणि तापलेले हेड.

आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये वारंवार दिसते. बॉक्स काढलेल्या गाडीखाली वाकून पाहा: क्रँककेसची ब्रीदर नळी आणि सेकंडरी एअरची नळी लोंबकळत असते, नाहीतर एखादा बोल्ट ठोकून बंद केलेली असते. ब्रीदर बंद झाला की आत दाब साठतो आणि सील गळू लागतात. सेकंडरी एअरची नळी उघडी राहिली तर धूळ थेट एक्झॉस्ट पोर्टमध्ये. गिऱ्हाइकाला हे कधीच कळत नाही. कळायला हवे ते आपल्याला.

मग काय टाकावे? बॉक्स तसाच ठेवून त्याच मापाचा, कडेचे रबर घट्ट बसणारा पॅनल फिल्टर. कंपनीचा कागदी उत्तम. सुती जाळीचा घ्यायचा तर त्याच्याच क्लीनरने धुवायचा, पेट्रोलने नाही. ऑईल बेताने लावायचे, कारण जास्तीचे ऑईल थ्रॉटल बॉडीत जाऊन बसते. कागदी फिल्टरवर कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब मारून त्याला भोके पाडण्यापेक्षा नवा टाका. शंका असेल तर फिल्टरच्या पुढच्या रबर बूटमध्ये ग्रीसचा पातळ हात फिरवा, पारोळ्यापर्यंत फेरी मारून या आणि बोट लावून पाहा. ग्रीस करकरले तर फिल्टर निकामी किंवा बैठक चुकलेली.

कायद्याचेही सांगून ठेवावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-ए नुसार बेकायदा फेरबदलाला मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. बॉक्स कापून देणारा मेकॅनिक बाजूला राहतो, दंड गिऱ्हाईक भरते, आणि मग ते दुसऱ्या गॅरेजला जाते.

वितरकाचा माणूस पुढच्या खेपेला चकचकीत खोकी घेऊन येईल, तेव्हा हॉर्सपॉवरचे आकडे ऐकत बसू नका. आयएसओ ५०११ चाचणीत या फिल्टरने किती टक्के धूळ अडवली, तो कागद मागा. कागद नसेल तर माल ठेवून घेऊ नका.