टायर रोटेशन आणि व्हील अलाइनमेंट: दर सर्व्हिसिंगला पैसे मोजावेत का? हिशोब काय सांगतो?

गाडी सर्व्हिसिंगला दिली की दुपारपर्यंत फोन येतो. "सर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग, रोटेशन करून घेऊ ना? टायर एका बाजूनं घासलेत." गाडी समोर नसते, टायर आपण नीट पाहिलेले नसतात आणि 'नको' म्हणून उद्या काही झालं तर, अशी धास्तीही असते. बहुतेक जण 'करा' म्हणतात आणि बिलात हजारभर रुपयांची भर पडते.

हा खर्च गरजेचा आहे की गॅरेजच्या कमाईचा भाग, हा प्रश्न जुनाच आहे. पण आता त्याचं गणित थोडं बदललंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे मूळ किंमत तीच राहिली, तर पूर्वी ५,००० रुपयांना पडणारा टायर आता साधारण ४,६०० रुपयांना पडतो. चार टायरमागे दीड हजारांहून थोडे जास्त वाचतात. टायर स्वस्त झाले, पण टायर सांभाळण्याचा खर्च तेवढाच राहिला. मग तो करायचा का?

थोडक्यात उत्तर असं: रोटेशन आणि अलाइनमेंट ही दोन कामं एकाच पॅकेजमध्ये विकली जातात, पण त्यांचा हिशोब पूर्ण वेगळा आहे. एकात पैसे फारसे वाचत नाहीत, तरी ते अधूनमधून करण्यात अर्थ आहे. दुसऱ्यात बरेच पैसे वाचू शकतात, पण ते दर वेळी करण्यात अर्थ नाही.

दोन्हींत फरक काय?

रोटेशन म्हणजे टायरची अदलाबदल. आपल्याकडच्या बहुतेक लहान कार पुढच्या चाकांवर चालतात. इंजिनचं वजन पुढे, ओढण्याचं काम पुढच्या चाकांचं, वळवण्याचंही त्यांचंच आणि ब्रेक मारल्यावर जास्त भारही त्यांच्यावरच. त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. ही झीज चारही टायरमध्ये वाटली जावी म्हणून त्यांच्या जागा बदलतात. अशा गाड्यांमध्ये पुढचे टायर त्याच बाजूनं सरळ मागे जातात आणि मागचे टायर बाजू बदलून पुढे येतात. बोलेरो किंवा इनोव्हा क्रिस्टासारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत हाच क्रम उलटा होतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो फक्त त्याच बाजूला पुढे-मागे करता येतो.

अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. यात तीन कोन महत्त्वाचे. सरळ उभं राहून पायांचे चवडे किंचित आत किंवा बाहेर वळवा, तो 'टो'. चाक वरून आत किंवा बाहेर कललेलं असणं म्हणजे 'कॅम्बर'. स्टिअरिंग ज्या अक्षाभोवती वळतं, तो पुढे-मागे किती कललेला आहे, तो 'कॅस्टर'. टायर खाण्यात सगळ्यात पुढे असतो तो टो.

यांच्यासोबत नेहमी येणारं तिसरं नाव म्हणजे बॅलन्सिंग. त्याचा कोनांशी संबंध नाही. चाकाचं वजन सगळीकडे सारखं पडावं म्हणून रिमला छोटी वजनं लावतात. गाडी ८० ते १०० च्या वेगाला गेल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग तपासायला सांगा.

रोटेशनमुळे खरंच पैसे वाचतात का?

रोटेशननं टायरचं आयुष्य वाढतं, असं सर्रास सांगितलं जातं. आकडे मांडून पाहू.

समजा, एका कारचे पुढचे टायर ३०,००० किलोमीटरमध्ये संपतात आणि मागचे ६०,००० मध्ये. रोटेशन केलंच नाही, तर १,२०,००० किलोमीटरमध्ये पुढच्या चार जोड्या आणि मागच्या दोन जोड्या लागतील. एकूण १२ टायर.

आता रोटेशन केलं, तर झीज चौघांत वाटली जाऊन चारही टायर साधारण ४०,००० किलोमीटर चालतील. तेवढ्याच अंतरात चार टायरचे तीन संच, म्हणजे पुन्हा १२ टायर.

उत्तर सारखंच येतं, कारण रोटेशननं रबर वाढत नाही. झीज फक्त वाटली जाते. उलट दर १०,००० किलोमीटरला एकदा, टायर बदलण्याच्या वेळा सोडून, रोटेशन केलं तर ते नऊ वेळा करावं लागेल. एका वेळेचे ३०० रुपये धरले, तर २,७०० रुपये. दिवसभर गाडी चालवणारा टॅक्सीवाला रोटेशनच्या भानगडीत न पडता गरजेप्रमाणे दोन-दोन टायर घेत असेल, तर पैशाच्या हिशोबानं तो चुकत नाही.

घरगुती गाडीचं गणित मात्र थोडं वेगळं आहे, कारण तिचे टायर झिजण्याआधी म्हातारे होऊ शकतात. गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालत असेल, तर मागच्या टायरना ६०,००० किलोमीटर पूर्ण करायला साडेसात वर्षं लागतील. तोवर रबर कडक होतं, बारीक भेगा पडू लागतात. समजा, ते सहाव्या वर्षी बदलावे लागले, तर ४८,००० किलोमीटरच वापरून झाले आणि उरलेली नक्षी वाया गेली. अशा गाडीला १,२०,००० किलोमीटरमध्ये १३ टायर लागतील. रोटेशन केलं तर १२. म्हणजे ४,६०० रुपयांचा एक टायर वाचतो आणि रोटेशनवर २,७०० जातात. निव्वळ बचत १,९०० रुपये, तीही १५ वर्षांत!

मग रोटेशन कशासाठी करायचं?

याची कारणं पैशापलीकडची आहेत. पहिलं म्हणजे पकड. पुढचे टायर गुळगुळीत आणि मागचे ठणठणीत, किंवा याच्या उलट, अशी गाडी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर किंवा घाटातल्या वळणावर बेभरवशाची होते.

दुसरं, एकाच जागी वर्षानुवर्षं फिरणारा मागचा टायर काही वेळा ठिकठिकाणी खोलगट झिजतो आणि घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो. जागा बदलत राहिली, तर ही झीज वाढत नाही.

तिसरं कारण सगळ्यात साधं आहे. रोटेशनच्या निमित्तानं चारही चाकं निघतात. आतल्या कडेची झीज, रुतलेला खिळा, बाजूच्या भिंतीवर आलेला फुगा, संपत आलेले ब्रेक पॅड या गोष्टी एरवी दिसतच नाहीत.

फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांमध्ये तर चारही टायर साधारण सारखेच झिजलेले असणं गरजेचं असतं. टायरच्या व्यासातला फरक त्या यंत्रणेवर ताण आणतो. इलेक्ट्रिक कार वजनानं जड असतात आणि चाकांना जोर एकदम मिळतो, त्यामुळे त्यांचे टायर तुलनेनं लवकर झिजतात. त्यांनाही रोटेशनचा उपयोग जास्त होतो.

अलाइनमेंटचा हिशोब वेगळा का?

रोटेशनमध्ये रबर फक्त वाटलं जातं, पण अलाइनमेंट बिघडली की रबर वाया जातं.

एखादं चाक सरळ रेषेपासून फक्त पाव अंश तिरकं आहे, असं समजा. डोळ्यांना हा फरक दिसणारही नाही. पण साध्या भूमितीनं पाहिलं, तर असं चाक दर किलोमीटरमागे साधारण ४.४ मीटर आडवं घासतं. १०,००० किलोमीटरमध्ये हा आकडा ४४ किलोमीटरच्या आसपास जातो. म्हणजे तेवढं अंतर टायर नुसता आडवा फरफटत नेल्यासारखं.

यामुळे पुढची जोडी ३०,००० ऐवजी १५,००० किलोमीटरमध्येच संपली, तर ९,२०० रुपयांच्या दोन टायरमधले निम्मे, म्हणजे ४,६०० रुपये रस्त्यावर गेले. अलाइनमेंटचे ५०० रुपये धरले, तर वेळेवर केलेलं एक काम स्वतःच्या खर्चाच्या नऊपट वाचवतं.

मग दर ५,००० किलोमीटरला करायची का?

अनेक गॅरेजमध्ये हाच सल्ला मिळतो. पण तसं केलं तर ४०,००० किलोमीटरमध्ये आठ वेळा, म्हणजे ४,००० रुपये लागतात. जवळपास एका नव्या टायरची किंमत. आणि आधीच जुळलेले कोन पुन्हा जुळवून काहीच मिळत नाही.

अलाइनमेंट ऑइलसारखी ठरावीक अंतरानं 'संपत' नाही. ती बिघडते आदळआपटीनं, किंवा सस्पेन्शनचे भाग झिजल्यानं. म्हणून किलोमीटरपेक्षा लक्षणं बघणं जास्त महत्त्वाचं:

- गाडी सरळ चालली आहे, पण स्टिअरिंग तिरकं आहे.
- सपाट रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते. आधी हवा तपासा, कारण एका टायरमध्ये हवा कमी असली तरी हेच होतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्ते कडेला उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे जात असेल तर तो दोष नाही.
- टायरची फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड झिजली आहे. दोन्ही कडा झिजल्या असतील तर बहुधा हवा कमी राहते आहे. मधला भाग झिजला असेल तर हवा जास्त.
- चाक मोठ्या खड्ड्यात किंवा फुटपाथवर जोरात आदळलं आहे.
- स्टिअरिंग किंवा सस्पेन्शनचा एखादा भाग बदलला आहे, किंवा नवे टायर बसवले आहेत.

यातलं काहीच नसेल, तर वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, तपासून घेतली तरी घरगुती गाडीला पुरते. आपल्याकडचे खड्डे पाहता ही एक वेळ चुकवू नये.

रिपोर्टमधले लाल आकडे कसे वाचायचे?

मशीनवर अलाइनमेंट केली की छापील रिपोर्ट मिळतो. त्यात कामाआधीचे आणि नंतरचे आकडे असतात. हिरवा म्हणजे मर्यादेत, लाल म्हणजे मर्यादेबाहेर. हा रिपोर्ट मागून घ्या. आधीचे सगळे आकडे हिरवेच असतील, तर त्या दिवशी जुळवण्यासारखं काही नव्हतं.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. बऱ्याच लहान कारमध्ये नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये फक्त पुढचा टो बदलता येतो. कॅम्बर आणि कॅस्टर बदलायची सोय कंपनीनं दिलेलीच नसते. त्यामुळे कॅम्बरचा आकडा लाल दिसला आणि त्यासाठी वेगळे पैसे सांगितले, तर एक प्रश्न विचारा: "नेमकं काय वाकलंय?" कारण असा आकडा बहुतेकदा वाकलेल्या किंवा झिजलेल्या भागाकडे बोट दाखवतो. मूळ भाग तसाच ठेवून केलेली दुरुस्ती फार टिकत नाही.

महामार्गावर टायर फुटण्याशी याचा संबंध आहे का?

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा रस्ता पूर्ण झाला. कारसाठी तिथली वेगमर्यादा १२० किलोमीटर आहे. अपघातांनंतर परिवहन विभागानं २०२३ मध्ये तिथं टायर तपासणी सुरू केली होती आणि गुळगुळीत टायरच्या गाड्यांना अडवलं जात होतं.

टायर फुटण्यामागे सहसा कमी हवा, जास्त भार, जुनं रबर आणि सलग वेग यांचा वाटा असतो. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते आणि तापते. तासन्‌तास १०० च्या वर गाडी चालली की ही उष्णता साचत जाते. अलाइनमेंट नीट असली तरी हा धोका कमी होत नाही. मात्र अलाइनमेंट बिघडून आतली कड झिजत तारांपर्यंत पोचली असेल आणि ती कुणाच्या लक्षात आली नसेल, तर तो टायर महामार्गावर नेणं धोक्याचंच.

कारच्या टायरला किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी, असा आपल्याकडे नियम आहे. नव्या टायरची नक्षी साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायची वेळ झाली. पण पावसात पाणी बाहेर फेकण्याची टायरची ताकद त्याच्या बरीच आधी, ३ मिलिमीटरच्या आसपास, उतरायला लागते.

दोनच टायर घ्यायचे असतील तर?

आपल्याकडे नवे टायर पुढे बसवायची पद्धत आहे. टायर कंपन्यांचा सल्ला उलटा आहे: नवे मागे, आणि मागचे बरे असलेले टायर पुढे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, वेग कमी करून ती सावरता येते. ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली तर गाडी गरकन फिरते आणि नेहमीच्या चालकाला ती सावरणं कठीण जातं. असं केलं की रोटेशनही आपोआप होतं.

मग पैसे कुठे खर्च करायचे?

सगळ्यात आधी हवा, कारण पेट्रोल पंपावर ती फुकट मिळते. १५ दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर दिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. स्टेपनीचीही. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही; साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

त्यानंतर लक्षणं दिसली की लगेच, नाहीतर वर्षातून एकदा अलाइनमेंट. रोटेशन ८ ते १० हजार किलोमीटरला, शक्यतो सर्व्हिसिंगमध्येच करून मागा, कारण तेव्हा ब्रेक तपासायला चाकं तशीही निघतात.

आणि गॅरेजमधून फोन आला, तर 'हो' म्हणण्याआधी टायरच्या आतल्या कडेचा फोटो पाठवायला सांगा. घरी हेच पाहायचं असेल तर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. पुढच्या टायरची आतली कड दिसते, तिच्यावरून हात फिरवता येतो. महिन्यातून एकदा एवढं केलं, तरी अलाइनमेंट कधी हवी हे टायर संपण्याआधीच कळतं.