फूट कोणी पाडली?

लिंगायतांना स्वतंत्र धर्माची मान्यता द्यावी, अशी शिफारस कर्नाटक सरकारने मार्च २०१८ मध्ये केंद्राकडे केली, तेव्हा सीमाभागातील आपल्या मराठी घरांतून एकच सूर निघाला : 'राजकारण्यांनी धर्मात फूट पाडली!' केंद्राने ती शिफारस नाकारली, पण सूर काही बदललेला नाही. निवडणूक तोंडावर होती, हे कबूल. पण लाकूड फोडणाऱ्याला विचारा. पाचर मारायला आधी चीर लागते. बसवण्णा संस्थापक, की रंभापुरी, उज्जैनी, केदार, श्रीशैल आणि काशी या पाच पीठांचे आचार्य मूळ पुरुष, हा वाद आजच्या कोणत्याही आमदाराच्या जन्माआधीचा आहे.

हा धर्म पसरला कसा, तेही पाहू. बाराव्या शतकात बसवण्णा कल्याणला बिज्जळाच्या दरबारी भांडारी होते. परंतु धर्म दरबारातून पसरला नाही. नावाडी अंबिगर चौडय्या, धोबी मडिवाळ माचय्या, सांडलेल्या तांदळावर गुजराण करणाऱ्या घरची लक्कम्मा, ही माणसे बाजारातल्या कन्नडमध्ये वचने बोलू लागली. गळ्यात इष्टलिंग आले. देवच अंगावर असल्यावर देवळाचे दार कशाला आणि दारावरचा राखणदार तरी कशाला? पुढे तीच वाट मराठीत मन्मथस्वामींनी 'परमरहस्य' लिहून मोकळी केली. हा 'कानड्यांचा विषय' म्हणून झटकणाऱ्यांनी एकदा बीड जिल्ह्यातील कपिलधारला जाऊन यावे.

आणि मोडले कुठे? परंपरा सांगते, चांभार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचे लग्न झाले आणि दोन्ही बापांना देहदंड मिळाला. पुढे बिज्जळाचाही खून झाला, शरण परागंदा झाले. पंक्तीला एकत्र बसणे खपले. सोयरिकीची वेळ आली तेव्हा रक्त सांडले. हे तत्त्वज्ञानाचे भांडण नव्हते! बरे, पुढे खुद्द पंथातही जंगम, बणजिग, पंचमसाली अशी घरे वेगळी झालीच. जात मोडायला निघालेल्यांच्या वंशजांना आज आरक्षणाच्या अर्जावर पोटजात लिहावी लागते. यात दोष एकट्या पुढाऱ्याचा? मुलीसाठी स्थळ पाहताना पोटजात विचारणाऱ्या बापाचा काहीच नाही?

आपण मात्र मिशीवर ताव देतो : 'आमच्या वारकऱ्यांत फड निराळे, पण पंथ एकच.' न फुटणे ही जर थोरवी असेल, तर तिची किंमत कोणी मोजली हेही सांगावे. चोखोबांची समाधी पंढरीत महाद्वाराच्या बाहेर आहे. आणि ते दार त्यांच्या माणसांना उघडावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावे लागले.