मजुरीचा दर कोण ठरवतं?

गेल्या कापूस वेचणीच्या दिवसांत एम. ए. अर्थशास्त्राच्या आठ विद्यार्थ्यांना घेऊन मी नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावी गेले होते. शेतमजूर बायकांच्या मजुरीची पाहणी करायची होती. मी स्वतः अर्थशास्त्रच शिकवते. प्रश्नावलीही माझीच. रोज किती मिळतो, कामाचे तास किती, वर्षात काम किती दिवस, पुरुषाला किती आणि बाईला किती.

एका ओट्यावर दहा-बारा जणी जमल्या. दिवसभर वेचणी करून आलेल्या, घरी चूल वाट बघत असलेली, तरी तासभर बसल्या. शेवटी आमच्यातला एक हुशार मुलगा त्यांना समजावून सांगू लागला, की मजुरी मागणी-पुरवठ्यावर ठरते. हात जास्त, काम कमी, म्हणून दर कमी. एक वयस्क मावशी म्हणाल्या, "ते समजलं भाऊ. पण पुरुषापेक्षा बाईला कमी, हे कोणी ठरवलं? कुठे बसून ठरवलं? तिथे एखादी बाई होती का?"

मुलगा माझ्याकडे बघू लागला. परतीच्या वाटेवर मी सगळ्यांना विचारलं, "किमान वेतन कोण ठरवतं?" एकीने सांगितलं, रिझर्व्ह बँक. दुसरा म्हणाला, तहसीलदार. राज्य सरकार, असं कोणीच म्हणालं नाही. हीच मुलं मागणीची वक्ररेषा डोळे मिटून काढतात. दोष त्यांचा नाही. दोन वर्षं मी त्यांना दर कसा ठरतो ते शिकवलं. कोण ठरवतं, ते शिकवलंच नाही. तेवढ्यात एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, माझी आईसुद्धा वेचणीला जाते. मी हा प्रश्न घरी कधी विचारला नाही."

तेव्हापासून मला ठामपणे वाटतं, की अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला राज्यशास्त्राची बाराखडी यायलाच हवी. मावशींचा प्रश्न हा तिचा पहिला धडा आहे.

किमान वेतनाचा कायदा 1948 साली झाला, स्त्री-पुरुष समान वेतनाचा 1976 साली. पुढे 2019 च्या वेतन संहितेत दोन्ही सामावले गेले. शेतमजुरीचा किमान दर ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा. त्यासाठी एक तर समिती नेमायची, जिच्यात मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने हवेत. नाही तर प्रस्तावित दर जाहीर करून हरकती मागवायच्या. सल्लागार मंडळावर एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असंही संहितेत आहे. म्हणजे मावशींनी विचारलेली 'तिथली' जागा खरोखरच आहे, आणि तिथे बाईसाठी खुर्चीही आहे. ती कोणाला मिळते, हरकत कोण नोंदवतं, ठरलेला दर शेताच्या बांधापर्यंत का पोचत नाही, हे सगळे सत्तेचे प्रश्न आहेत. बाजाराच्या आकृतीत ते दिसत नाहीत.

दुसरं उदाहरण रोजगार हमीचं. वर्गात आम्ही ती 'सार्वजनिक खर्च' या प्रकरणात उरकतो. पण 1972 च्या दुष्काळात बायका-पुरुष हजारोंनी खडी फोडायला रस्त्यावर बसले, मोर्चे निघाले, त्यातून योजना राज्यभर पसरली. शेजारच्या शहाद्यात त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली आणि आदिवासी बायका जमिनीच्या, मजुरीच्या लढ्यात आणि दारूविरुद्ध पुढे आल्या. 1975 साली शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, तो हमीच्या पैशासाठी. 1977 साली विधिमंडळाने कायदा केला. तिथे कामाच्या मापावर मजुरी होती. माप बाईचं की पुरुषाचं, असा भेद नव्हता. ज्या बाजारात बाईचा दर कमी होता, त्याच काळात सरकारी कामावर तो सारखा झाला. दर बदलला तो बायकांचे हात कमी झाले म्हणून नव्हे, निर्णय बदलला म्हणून.

काहीजण म्हणतील, विद्यापीठात राजकारण आणू नका. पण मला पक्षाचा प्रचार नको आहे, आणि व्याख्या पाठ करायला आणखी एक पेपरही नको. मला हवंय ते एवढंच: अर्थसंकल्प कोण मंजूर करतं, केंद्राचे अधिकार कोणते आणि राज्याचे कोणते, ग्रामपंचायतीचा निधी कोणाच्या सहीने खर्च होतो, ग्रामसभेत प्रश्न कसा मांडायचा. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली, 2011 साली महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतल्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या. आपल्या मैत्रिणी सरपंच होऊन अंदाजपत्रकावर सह्या करतात, आणि अर्थशास्त्राच्या पदवीधराला ते अंदाजपत्रक कोणापुढे ठेवायचं असतं ते माहीत नसतं!

ही फारकत जुनीही नाही. 1930 साली पुण्यात स्थापन झालेल्या गोखले संस्थेच्या नावातच राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र शेजारी बसले आहेत. डॉ. आंबेडकर रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारे अर्थतज्ज्ञ होते. नोव्हेंबर 1949 मध्ये घटना समितीत त्यांनीच बजावलं होतं, की राजकारणात समता आणि आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती फार काळ चालणार नाही.

हा आपल्या चळवळीचा प्रश्न का? कारण हीच मुलं उद्या बँकेत, पंचायत समितीत, नियोजन खात्यात बसणार आहेत. आपल्या बचत गटाचं कर्ज आणि आपल्या वस्तीची योजना त्यांच्या टेबलावरून जाणार आहे. बाईची कमी मजुरी त्यांना निसर्गनियम वाटत राहिली, तर ते ती नुसती नोंदवतील, बदलणार नाहीत.

यंदापासून मी माझ्या वर्गाचे पहिले काही तास एवढ्यासाठीच ठेवले आहेत. पुस्तक नंतर. आधी सगळ्यांनी आपापल्या गावच्या ग्रामसभेला आणि तिच्याआधी कायद्याने घ्यावयाच्या महिला सभेला बसून यायचं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही पाहणीला विद्यार्थी येत असतील. त्यांना माहिती जरूर द्या. पण वही मिटायच्या आधी त्यांना मावशींचे तीन प्रश्न विचारा: कोणी ठरवलं, कुठे ठरवलं, तिथे बाई होती का? आणि काय उत्तर मिळालं, ते आम्हांला कळवा.