वाशिममध्ये जेवावे कोठे?

परगावचा पाहुणा वाशिमला उतरला, की त्याला सांगण्यासारखे आपल्यापाशी पुष्कळ असते. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच, हे सांगताना आपली छाती फुगते. बालाजीचे देऊळ आपण अगत्याने दाखवतो. पण तोच पाहुणा जेव्हा विचारतो, "आता येथे चांगले जेवायला कोठे मिळेल?" तेव्हा आपण एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतो. प्रश्न किरकोळ वाटेल. मला मात्र तो आपल्या गावाचा, आपल्या शेतीचा आणि आपल्या मनाचा प्रश्न वाटतो. म्हणून वार्षिकाच्या या पानांत तो मांडण्याचे धाडस करते आहे.

पाटणी चौकात उभे राहावे आणि एक फेरफटका मारून यावा. सकाळी पोहे आहेत, आलूबोंडा आहे, कचोरी आहे, मिरचीचे भजे आहेत. दुपारनंतर चायनीजच्या लाल गाड्या लागतात आणि मंचुरियन व नूडल्स यांचा धूर नाकात शिरतो. 'फॅमिली रेस्टॉरंट' अशी पाटी असेल, तर आत पनीरचे दहा प्रकार आणि तंदुरी रोटी. इडली-डोसा आहेच. आमच्या वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. त्यामुळे खेड्यातून नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला इडली-सांबारात इडलीवर कोथिंबीर पेरून येईल असे वाटले, तर त्याला हसू नये! गावाबाहेर पडले की ढाबे लागतात. थोडक्यात, पंजाब आहे, मद्रास आहे, चीनसुद्धा आहे. फक्त वाशिम सापडत नाही.

यात कोणाचा दोष काढावयाचा नाही. गाडीवर उभा राहून दिवसभर कढई हलवणारा माणूस आपले पोट भरतो आणि आपलेही भरतो. मंचुरियन मलाही आवडते. माझे म्हणणे एवढेच आहे, की ज्या जिल्ह्यातल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या ज्वारीची भाकर थापली गेली, त्या जिल्ह्याच्या ठिकाणी बाहेर बसून गरम भाकर खायची म्हटले तर शोधाशोध करावी लागते. घरी काय नसते? तव्यावरचे बेसन, हिरव्या मिरचीचा ठेचा, जवसाची चटणी, पावसाळ्यात अंबाडीची भाजी, हिवाळ्यात तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी, उडदाच्या कळण्याची भाकर, रस्स्यातली पातोडी. शेतात देवाच्या नावाने पंगत असली, की गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे आणि मोठ्या गंजातली वांग्याची भाजी. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर जावे तर बंजारा बायांच्या हातची बाटी. हे सारे आपल्यापाशी आहे, पण पाहुण्याला विकत मिळेल असे त्यातले फारच थोडे.

असे का झाले? पहिले कारण शेतात आहे. आपला जिल्हा आज सोयाबीनचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत निघते, दिवाळीच्या सुमारास हातात पैसा येतो आणि मागे हरभरा पेरता येतो. ज्वारीला पाखरे राखावी लागतात, रोही आणि रानडुकरे पीक तुडवतात, सोंगणीला मजूर मिळत नाही. शेतकऱ्याने हिशेब केला आणि ज्वारी बांधाकडे सरकली. तिच्याबरोबर कडबाही गेला, म्हणजे बैलाच्या तोंडचा घासही गेला. दुसरीकडे रेशनच्या दुकानातून प्रामुख्याने गहू आणि तांदूळ घरात आले. भाकरीची जागा पोळीने घेतली ती अशी हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता.

दुसरे कारण चुलीपाशी आहे. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो. गरम पाण्यात मळावे, लगेच थापावे, वरून पाण्याचा हात फिरवावा, तव्यावर टाकावे आणि मग आरावर फुगवावे. सकाळी मळून ठेवलेला गोळा संध्याकाळी चालत नाही. एकेक भाकर हातानेच थापावी लागते आणि ते कसब बहुतेक बायांच्या हातात आहे. आपल्या हॉटेलांतील आचारी मात्र बहुधा पुरुष असतात. मैद्याची कणीक तिंबून ठेवली, की गिऱ्हाईक येईल तसे काम होते. हॉटेलवाल्याने भाकर टाळली, तर त्याच्या बाजूनेही काही म्हणणे आहे.

तिसरे कारण आपल्या मनात आहे आणि तेच सर्वांत अवघड आहे. भाकर हे गरिबाचे खाणे, असे आपण ठरवून टाकले आहे. पाहुणा आला की पोळी आणि घरचा माणूस असला की भाकर, हा भेद घराघरांत पाळला जातो. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर या बाजूंनी एसटीने येणारी मुले डब्यात भाकर आणतात आणि झाकण अर्धवट उघडून खातात. समोरचा नूडल्स खात असेल, तर ही मुले भिंतीकडे तोंड करतात. बाजारभाव तर वेगळीच गोष्ट सांगतो. २०२४-२५ साठी केंद्र सरकारने जाहीर केलेली आधारभूत किंमत संकरित ज्वारीला क्विंटलमागे ३,३७१ रुपये होती आणि गव्हाला २,४२५ रुपये. म्हणजे ज्या धान्याची आपल्याला लाज वाटते, त्याला सरकार गव्हापेक्षा जास्त मोल देते. भाकर आता गरिबाचीही राहिलेली नाही आणि श्रीमंताने ती अजून आपली म्हटलेली नाही. मध्येच अडकून पडली आहे बिचारी!

शासनानेही या ताटात हात घालून पाहिला आहे. १९९५ साली राज्यात आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. कष्टकऱ्याला स्वस्तात पोटभर मिळावे, हा हेतू चांगलाच होता. पुढे अनुदान थांबले, केंद्रे बंद पडली आणि कितीतरी ठिकाणी त्याच टपऱ्यांत वडे आणि भजी तळली जाऊ लागली. त्यानंतर २६ जानेवारी २०२० रोजी दहा रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. तिच्यात दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. टाळेबंदीच्या काळात या थाळीने अनेकांना आधार दिला, हे विसरता येणार नाही. पण पंचवीस वर्षांत शासकीय ताटातूनही भाकर जाऊन चपाती आली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

आता थोडे लांब जाऊ. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, मेक्सिकोच्या सीमेजवळ, टूसॉन नावाचे शहर आहे. भोवती वाळवंट. पाऊस आपल्या वाशिमच्या निम्म्याहूनही कमी. अशा ठिकाणी खाण्यापिण्याचे काय कौतुक असणार, असे कोणालाही वाटेल. पण डिसेंबर २०१५ मध्ये युनेस्कोने याच शहराला खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान दिला आणि असा मान मिळवणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. न्यूयॉर्क नव्हे, शिकागो नव्हे, तर टूसॉन! त्या परिसरात चार हजार वर्षांहून जुन्या शेतीच्या खुणा सापडतात. तेथील तोहोनो ओओधम हे मूळ रहिवासी थोड्या पाण्यावर येणारी टेपरी नावाची घेवड्यासारखी शेंग पिकवतात, मेस्किट नावाच्या काटेरी झाडाच्या शेंगांचे पीठ करतात, निवडुंगाची फळे खातात. तेथली हॉटेले हेच पदार्थ आज मानाने वाढतात. त्याच शहरात एल चारो नावाचे मेक्सिकन पद्धतीचे उपाहारगृह मोनिका फ्लिन या बाईंनी १९२२ साली सुरू केले आणि ते शंभरी ओलांडून चालू आहे. पाहुण्याने "कोठे जेवावे?" असे विचारले, तर टूसॉनच्या माणसाला एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. कोरडवाहू जमिनीत जे उगवते, तेच त्याने ताटात आणून ठेवले आहे. इतके लांब कशाला, आपल्या वऱ्हाडावर कधीकाळी ज्याचे राज्य होते त्या निजामाच्या हैदराबादलाही २०१९ साली हाच मान मिळाला.

आपणही कोरडवाहूच. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. ज्वारीच्या गुणांवर भाषणे झाली, फलक लागले, निबंधस्पर्धा झाल्या. पण भाषण ऐकून भूक लागलेल्या श्रोत्याला कोपऱ्यावर भाकर मिळाली का? तेथे समोसाच होता!

माझे मित्र म्हणतात, "घरी रोज भाकर खातो, तीच बाहेर पैसे देऊन कोण खाईल?" आक्षेप वजनदार आहे. बाहेरचे खाणे म्हणजे घरी नसते ते खाणे, हा मनुष्यस्वभावच आहे. पण घर म्हणजे कोणाचे घर? आमच्या वर्गात खेड्यांतून येऊन वाशिमला खोली करून राहणारी पुष्कळ मुले-मुली आहेत. मीही त्यांतलीच आहे. आमच्या खोल्यांत गॅसची लहान शेगडी असते, चूल नसते, आणि परीक्षेच्या दिवसांत भात-वरणापलीकडे मजल जात नाही. आम्हांला 'घरी नसते ते' म्हणजे भाकरच! मेसवाल्या काकूंना विचारले तर त्या म्हणतात, "बाई, पंधरा पोरांच्या भाकरी थापता थापता माझी कंबर जाईल." त्यांचे म्हणणेही खोटे नाही.

शिवाय मुलींना आणखी एक अडचण असते. मुलांना गाडीवर उभ्याने खाता येते. मुलगी एकटी बसून निवांत जेवेल अशी जागा गावात फार थोडी. 'फॅमिली' लिहिलेल्या पडद्याआड एकट्या मुलीने जावे, तर वेटरच विचारतो, "सोबत कोण आहे?" कोणी कोठे बसून खावे, हा प्रश्न नुसत्या चवीचा कधीच नव्हता. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा घ्यायला कोणी धजेना. राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. एका कप चहाने जे काम केले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. ताटाला प्रतिष्ठा द्यावयाची, तर कोणीतरी प्रतिष्ठित माणसाने आधी त्या ताटावर बसावे लागते.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या कॉलेजच्या कँटीनमध्ये आठवड्यातून एक दिवस भाकरीचा ठेवावा. भाकर, बेसन, ठेचा, हंगामाची भाजी आणि कांदा, एवढेच. गावात महिलांचे बचत गट आहेत. त्यांतल्या चार-पाच बायांना हे काम द्यावे. एकीच्या कंबरेवर भार पडणार नाही आणि आजवर घरात फुकट मानले गेलेल्या कसबाला पैसे मिळतील. ज्वारी जिल्ह्यातल्याच शेतकऱ्याकडून घ्यावी. एका कँटीनच्या ज्वारीने शेती बदलणार नाही, हे मलाही कळते. पण गिऱ्हाईक आहे असे दिसले, तर एखादा शेतकरी दोन तास जास्त पेरील. दर काय ठेवावा, याचा हिशेब अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मांडावा, पाटी मराठी विभागाने लिहावी आणि पहिल्या पंगतीला आमच्या प्राध्यापक मंडळींनी बसावे. सरांच्या ताटात भाकर दिसली, की डब्याचे अर्धवट झाकण आपोआप पूर्ण उघडेल.

"चालणार नाही," असे म्हणणारे भेटतीलच. कदाचित पहिल्या आठवड्यात भाकरी उरतीलही. उरल्या तर दुसऱ्या दिवशी ठेच्याबरोबर शिळी भाकर खाणारे आमच्यात कमी नाहीत! सहा महिने करून पाहावे आणि मग खुशाल बंद करावे. तोवर पाहुण्यांना सांगण्यासाठी आपल्यापाशी निदान एक पत्ता तरी तयार झालेला असेल.