माणसं थोडी, पाऊस फार

बालमित्रांनो, आज जरा पाटीवर भागाकार करू. २०११ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या होती ३० लाख ३ हजार ७४१ आणि क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला साधारण २८७ माणसं. पण ही सरासरी मोठी लबाड असते बरं का! आपल्या कोरेगावात बाजाराच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. आणि याच जिल्ह्यात, तापोळ्याच्या पलीकडे कांदाटी खोऱ्यात, चार-दोन घरांची वाडी सोडली की नुसतं रान.

असं का? वर्गात विचारलं, तर एकजण म्हणाला, "बाई, तिथं पाऊस नसेल!"

अगदी उलट! महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. कोरेगावला त्याच्या पाव हिश्श्याइतकाही पडत नाही. पण तिथं उभे उतार. माती वाहून जाते, उरते ती नाचणी-वरीपुरती. सपाट, कसदार जमीन होती ती कोयनेच्या काठाला. १९६० च्या दशकात धरण झालं, शिवसागर जलाशय भरला आणि नेमकी तीच जमीन, घरांसकट, पाण्याखाली गेली. कुणी ठाण्या-सोलापूरकडे गेलं, कुणी वर डोंगरात सरकून पुन्हा चूल मांडली. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २०१० मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. मग त्यातल्या काहींना दुसऱ्यांदा गाठोडं बांधावं लागलं. तरणी पोरं पोटासाठी मुंबईला. सांगा, माणसं उरणार किती?

जी राहिली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांची एस.टी. म्हणजे लाँच. डॉक्टर असो की बाजार, आधी पाणी ओलांडायचं. आपली बस अर्धा तास उशिरा आली तर आपण केवढी कुरकुर करतो!

या पाण्याची गंमत अशी, की त्यातलं पुष्कळसं डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून पश्चिमेला पोफळीकडे सोडतात. त्यावर १,९६० मेगावॉटचा वीज प्रकल्प चालतो. मग ते वाशिष्ठी नदीतून थेट अरबी समुद्राला! उरलेली कोयना कऱ्हाडला आपल्या कृष्णेला भेटते.

तुमच्या ओळखीत कोयनेच्या खोऱ्यातून उठून आलेलं एखादं घर असेल, तर तिथल्या आजी-आजोबांना त्यांच्या बुडालेल्या गावाचं नाव विचारा. वहीत लिहा आणि मलाही पत्रानं कळवा.