महिन्याला दहा टक्के
या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाण्याचा टँकर आणि हरवलेली किल्ली यांच्या मधोमध एक संदेश येऊन बसला: क्रिप्टोत पैसे घाला, महिन्याला दहा टक्के घ्या. अहो, हा आकडा पुण्याने पाहिलाय! ‘गेनबिटकॉइन’ या योजनेने १८ महिने दरमहा दहा टक्के बिटकॉइन कबूल केले आणि शेवटी लोकांच्या हातात स्वतःचंच ‘एमकॅप’ टोकन ठेवलं. २०१८मध्ये सूत्रधाराला अटक झाली. २०२२मध्ये तर तपासाला मदतीला घेतलेले सायबर तज्ज्ञच बिटकॉइन वळवल्याच्या आरोपाखाली पकडले गेले. अशा योजनांत नव्या गुंतवणूकदारांच्या पैशातून जुन्यांना देणं ही गुंतवणूक नव्हे, लूट आहे. कुणी फसलं असेल तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणूक हेल्पलाइनवर फोन करा.